नाकाबंदी आणि नाकेबंदी: पुलगावहून संपादकांस

मराठी वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक यांस,



हे पत्र एका शब्दाबद्दल आहे. शब्द समुद्रावरच्या युद्धातला आणि पत्र लिहिणारा पुलगावचा, याचे तुम्हाला नवल वाटेल. आमच्या गावापासून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पाणी म्हणाल तर वर्धा नदी, आणि तीही उन्हाळ्यात पोट पाठीला लागलेली. गावाचे नावसुद्धा त्या नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरून पडलेले. पण तुमचे वर्तमानपत्र इथेही रोज सकाळी येते, आणि त्यात छापलेला शब्द इथला माणूस खरा मानतो. म्हणून लिहितो आहे.

माझे शेजारी शेतकरी आहेत. थोडी पऱ्हाटी, थोडी तूर. सकाळच्या चहाला ते माझ्या ओसरीवर येतात आणि पेपरातले मथळे मोठ्याने वाचतात. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला, म्हणून मला गुरुजी म्हणतात. काही दिवसांपूर्वी त्यांनी एक मथळा वाचला. कुठल्याशा देशाच्या बंदरांची 'नाकाबंदी' झाली होती. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारले, "गुरुजी, समुद्रात बी नाका रायते का जी?"

मग माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्वतःच खुलासा केला. "आमाले बी थांबवलं होतं ना मागच्या हप्त्यात, पुलाजवळ. डिक्की पाह्यली, डबा पाह्यला, अन् जा म्हने."

त्या रात्रीचा प्रसंग मला आधीच ठाऊक होता. लोखंडी कठडे आडवे लावलेले, दोन हवालदार, एकाच्या हातात बॅटरी. डिक्कीत फवारणीच्या औषधाची बाटली आणि रिकामा डबा. हवालदाराने बाटली प्रकाशात धरून चिठ्ठी वाचली, डब्याचे झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले आणि कठडा बाजूला सारला. सगळे मिळून दोन मिनिटे. कोणाचे काही गेले नाही. उलट गावात चोऱ्या वाढल्या होत्या, तेव्हा पोलीस उभे आहेत याचे सगळ्यांना बरेच वाटले.

आता याच अनुभवाचे बोट धरून ते समुद्रावर गेले. तिथे काय होत असेल? जहाज थांबवत असतील, आत डोकावत असतील, 'जा' म्हणत असतील. तुमच्या मथळ्याने त्यांच्या मनात हे चित्र उभे केले, आणि ते साफ चुकीचे आहे. चूक त्यांची नाही. रस्त्यावर जो शब्द त्यांना रोज भेटतो, तोच तुम्ही समुद्रावर छापला.

समुद्रावरच्या त्या कृतीत डबा उघडून पाहण्याचा प्रश्नच नसतो. एखाद्या देशाच्या किनाऱ्याकडे जाणारी किंवा तिथून निघणारी सगळी जहाजे रोखायची, मग ती कोणाचीही असोत आणि आत बंदुका असोत की कापूस. न जुमानता आत घुसू पाहणारे जहाज पकडायचे, जहाज आणि माल दोन्ही जप्त करायचे, आणि इशारा देऊनही थांबले नाही तर त्यावर तोफ डागायची. हे युद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ मध्ये आक्रमणाची व्याख्या केली, तेव्हा दुसऱ्या देशाची बंदरे किंवा किनारा सैन्यबळाने असा रोखून धरणे हे आक्रमणाच्या कृत्यांमध्येच घातले. बॉम्बफेक आणि सैन्य घुसवणे ज्या यादीत आहे, त्याच यादीत हेही आहे.

रस्त्यावरचा पोलीस माणसाला तपासून सोडण्यासाठी उभा असतो, समुद्रावरची युद्धनौका कोणालाच न सोडण्यासाठी. दोघांना एकच नाव दिले तर वाचकाच्या मनात युद्ध हे बंदोबस्तासारखे सौम्य होऊन बसते. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती नीट पटावी म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुळात नाका म्हणजे वाटेचे तोंड. गावात शिरायची जागा, घाट उतरून आल्यावरची जागा, जिथे जकात घ्यायला माणूस बसे. जकात गेली तरी चौकाचौकांना नाका हे नाव चिकटून राहिले. समुद्राला असे नाके दिसत नाहीत, पण असतात. बंदराचे मुख, खाडीचे तोंड, दोन जमिनींमधली चिंचोळी सामुद्रधुनी. दर्यावर्दी माणसाला ते ठाऊक असतात. त्यामुळे 'नाकेबंदी' हा शब्द समुद्राला लावण्यात मुळीच चूक नाही. तो चांगला, अस्सल, चपखल शब्द आहे, आणि तो काढून टाकून संस्कृतातून एखादा जड शब्द घडवा असे मी म्हणणार नाही. मला तो शब्द वाचवायचा आहे.

आपल्याच समुद्रावरचे उदाहरण घ्या. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसे देऊन खांदेरी बेटावर पाठवले आणि तिथे तटबंदीचे काम सुरू झाले. खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या दाराशीच, थळच्या किनाऱ्यासमोरचे बेट. तिथे मराठ्यांचा किल्ला उभा राहिला तर मुंबईला येणारे-जाणारे प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जाणार, हे इंग्रजांनी ओळखले. त्यांनी काय केले? बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आपली जहाजे आणून उभी केली. बेटावर दाणा-गोटा जाऊ द्यायचा नाही, चुना-दगड जाऊ द्यायचा नाही, माणसे उपासाने आणि एकटेपणाने खचतील मग आपोआप उठतील, हा हिशेब. याला म्हणतात नाकेबंदी.

पुढे जे झाले ते फार शिकवणारे आहे. इंग्रजांची जहाजे मोठी, वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की जागच्या जागी डुलत राहत. मराठ्यांची गलबते हलकी, वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यातून सहज जाणारी. रात्र पडली की ती थळ-नागावच्या बाजूने निघत, जहाजांच्या मधल्या फटीतून बेटाला लागत, माल उतरवून उजाडायच्या आत परत. १८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या हाताखालचे आरमार उघड चालून आले. त्या झटापटीत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' नावाच्या मोठ्या जहाजाने तोफा चालवून वेळ निभावली, पण रात्रीची रसद काही थांबली नाही. पुढे सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला. तरी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

हीच खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेली. तुम्ही सगळ्यांनी ती बातमी पहिल्या पानावर छापलीत. आपल्या नौदलाच्या पाणबुडीलाही तेच नाव आहे. त्या बेटाचे मोठेपण ज्या लढाईत सिद्ध झाले तिचे नाव 'फसलेली नाकेबंदी' आहे, हे मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही. तिथे 'लढाई', 'पराक्रम', 'धूळ चारली' असे शब्द होते. पराक्रम होताच. पण तो नेमका कशात होता? अंधारात, आवाज न करता, पोत्यांनी भरलेली होडी शत्रूच्या जहाजांच्या मधून काढण्यात. तांदळाचे पोते बेटावर उतरवणे ही तिथे तोफ डागण्याइतकीच मोठी लढाई होती. शब्द नीट वापरला असता तर हे मुलांना कळले असते.

खांदेरीच्या त्या चार-पाच महिन्यांत जे दिसले, ते युरोपातल्या राष्ट्रांनी कायद्यात लिहिले १८५६ साली, म्हणजे १७७ वर्षांनी. त्या वर्षीच्या पॅरिस जाहीरनाम्यात चार कलमे होती. त्यांतले एक असे की नाकेबंदी इतरांवर बंधनकारक ठरायची तर ती प्रत्यक्षात परिणामकारक हवी, म्हणजे किनाऱ्यावर पोहोचणे खरोखर रोखण्याएवढे बळ तिथे हवे. नुसती घोषणा करून भागणार नाही. याआधी राजे-सम्राट कागदावर हुकूम काढून अख्ख्या देशाचा किनारा बंद झाल्याचे सांगत. नेपोलियनने १८०६ मध्ये बर्लिनहून असाच हुकूम काढून ब्रिटिश बेटांची नाकेबंदी जाहीर केली, तेव्हा ती बेटे रोखायला त्याच्यापाशी आरमार उरले नव्हते. अशा नाकेबंदीला कागदी नाकेबंदी म्हणत. जहाज समोर उभे असेल तरच नाकेबंदी, एवढा साधा नियम.

आता आमच्या गावाकडे येतो, कारण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती हीच आहे.

१९ एप्रिल १८६१ ला अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, आणि सुरुवातीला जहाजे थोडी. दक्षिणेचे सगळे अर्थकारण कापसावर, तो कापूस गुलामांच्या हातांनी पिकवलेला आणि मुख्यतः इंग्लंडला जाणारा. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा त्या एका देशातून येई. नाकेबंदी हळूहळू घट्ट होत गेली, कापूस बंदरांतच अडकला आणि समुद्रापलीकडे लाखो गिरणी कामगारांच्या चुली विझल्या.

मग इंग्लंडची नजर वळली हिंदुस्थानाकडे. मुंबई बंदरातून पूर्वीपेक्षा जास्त कापूस जाऊ लागला आणि भाव असे चढले की लोकांनी कधी पाहिले नव्हते. त्या पैशाच्या जोरावर मुंबईत समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा वेडाचार झाला. प्रेमचंद रायचंद हे नाव तेव्हाचेच. हा कापूस येत होता गुजरातेतून, खानदेशातून, वऱ्हाडातून आणि वर्धेच्या या खोऱ्यातून. आमच्या हिंगणघाटच्या 'बनी' कापसाचे नाव तेव्हा बाजारात मोठे. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, नाकेबंदी उठली, भाव गडगडले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खेड्यात चढत्या भावावर ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांच्या मानेवर ते राहिले.

आता सालांकडे पाहा. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला, आणि त्याचे पहिले मुख्य ठाणे होते कवठा, आमच्या पुलगावजवळचे. १८६६ मध्ये वर्धा शहर वसवले तोवर जिल्ह्याचा कारभार तिथूनच चाले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि तिच्यासाठी वर्धा नदीवर जो पूल बांधला गेला, त्याने आमच्या गावाला नाव दिले. नाकेबंदीमुळे जिल्हा झाला किंवा रेल्वे आली, असे मी म्हणत नाही. रेल्वेचा बेत आधीचा होता. पण मध्य हिंदुस्थानातला कापूस लवकर बंदराला लावायची जी घाई त्या काळात सगळ्यांना सुटली होती, तिच्यात हा पूल उभा राहिला. पुढे इथे सूतगिरणी आली, जिनिंग आले. अर्ध्या जगापलीकडे कोणी एकाने समुद्राचे नाके बंद केले, आणि त्याचे धक्के आमच्या बंडीच्या चाकापर्यंत पोहोचले.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा चहा गार झाला होता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे ते डिक्की पाह्याचं काम नाही तं." नाही. मुळीच नाही.

संपादकमहाशय, लिंकन यांच्या त्या घोषणेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या धंद्याची आहे. त्यांच्या मंत्रिमंडळात वाद झाला होता तो शब्दावरून. आरमार खात्याचे मंत्री गिडियन वेल्स यांचे म्हणणे असे की आपल्याच देशातली ही बंदरे आहेत, तर 'बंदरे बंद केली' असे म्हणा. नाकेबंदी असते ती परक्या शत्रूची. तो शब्द वापरला की समोरचा बंडखोर उरत नाही, लढणारा पक्ष होतो. लिंकन यांनी तरीही नाकेबंदी हाच शब्द घेतला, कारण समुद्रावर परदेशी जहाजे अडवायची तर युद्धाचा कायदा पाठीशी हवा होता. आणि भीती खरी ठरली. १३ मे १८६१ ला ब्रिटनने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले, म्हणजे दक्षिणेला युद्धातला एक पक्ष मानले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८६३ मध्ये नाकेबंदी वैध ठरली. एका शब्दाने बंडाचे युद्ध झाले.

शंभर वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९६२ ला, अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाकडे जाणारी शस्त्रांची जहाजे अडवण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी नेमका हाच शब्द टाळला. त्यांनी घेतला शब्द 'क्वारंटाईन'. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी घराच्या दारावर ज्याची चिठ्ठी पाहिली तोच, रोगाच्या साथीतला. कारण नाकेबंदी म्हटले असते तर युद्ध पुकारल्यासारखे झाले असते, आणि समोर अण्वस्त्रे होती. शिवाय त्यांनी सगळा माल अडवला नाही, ठरावीक शस्त्रे अडवली. जगातली सर्वांत शक्तिमान माणसे ज्या शब्दाशी इतक्या जपून वागली, तो आपण राजकारणाच्या पानावर 'विरोधकांची नाकाबंदी' असा वाटेल तसा उधळतो. मणिपूरमधले महामार्ग अडवले की 'आर्थिक नाकाबंदी', एखाद्या देशावर निर्बंध लादले की तीही नाकाबंदी, आणि तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे पडली की पुन्हा नाकाबंदीच.

यांतला फरक सांगायला मराठीत शब्दांचा तोटा नाही. आपल्याच व्यापाऱ्यांना अमुक देशाशी व्यवहार करू नका म्हणून सांगणे ही व्यापारबंदी. बँका, खाती, विमा रोखणे हे निर्बंध. किल्ल्याला किंवा शहराला जमिनीवरून गराडा घालणे हा वेढा. भर समुद्रात जहाज थांबवून माल पाहणे ही झडती. कोणत्याही राज्याच्या हुकमाशिवाय जहाज लुटणे ही चाचेगिरी. या शेवटच्या शब्दाचा घाव तर आपल्याला बसलेला आहे. कान्होजी आंग्रे सरखेल होते, छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यावे, न घेणाऱ्यांना धरावे, हा त्यांचा कारभार. पोर्तुगीजांनी अशीच परवान्यांची पद्धत त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या या समुद्रावर चालवली होती. पण इंग्रजांनी आपल्या कागदांत आंग्र्यांना चाचा लिहिले, आणि तो शब्द इंग्रजी पुस्तकांतून दोनशे-अडीचशे वर्षे फिरत राहिला. समुद्रावरच्या कृत्याला कोणते नाव द्यायचे याने माणूस सरखेल ठरतो की दरोडेखोर, हे मराठी माणसाला कोणी वेगळे शिकवायला नको.

आपल्या आयुष्यातली नाकेबंदी म्हणजे १९७१ ची. डिसेंबरच्या त्या युद्धात कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याची आठवण ४ डिसेंबरला दरवर्षी निघते, आणि ती निघायलाच हवी. पण पूर्वेकडे 'विक्रांत' आणि तिच्यासोबतच्या युद्धनौकांनी चितगाव, कॉक्स बझार, मोंगला, खुलना या बाजूचा सगळा किनारा रोखून धरला होता, त्यामुळे ढाक्यातल्या फौजेला समुद्रावाटे कुमकही येऊ शकली नाही आणि पळही काढता आला नाही. त्या कामाची सुरुवात युद्ध पुकारण्याआधीच झाली होती. पलाशीजवळ भागीरथीच्या पात्रात बंगाली तरुणांना पोहण्याचे आणि जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवण्याचे शिक्षण दिले गेले, आणि १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री ते आपापल्या बंदरांत पाण्यात उतरले. निघायची खूण म्हणून कलकत्त्याच्या आकाशवाणीवर ठरलेली गाणी लागली होती. ही सगळी मोहीम ज्यांनी उभी केली, त्यांत एक मराठी अधिकारी होते, कमांडर मोहन नारायणराव सामंत. डिसेंबरमध्ये ते स्वतः 'पनवेल', 'पद्मा' आणि 'पलाश' या तीन छोट्या नौका घेऊन नदीवाटे मोंगला आणि खुलन्यापर्यंत आत गेले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रू समजून केलेल्या माऱ्यात 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या. 'पनवेल'ने वाचलेल्यांना पाण्यातून काढले. सामंतांना महावीर चक्र मिळाले. शाळेतल्या मुलांपुढे मी हे नाव घेत असे तेव्हा कोणालाच ते माहीत नसे, कारण 'नाकेबंदी' म्हटल्यावर त्यात सांगण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटतच नाही. नुसते उभे राहायचे, झाले.

अलीकडचे दोन दाखले देतो. २०२२ मध्ये युक्रेनची बंदरे रोखली गेली आणि सूर्यफुलाचे तेल इथल्या किराणा दुकानात महागले, कारण आपले बहुतांश सूर्यफूल तेल त्या बाजूने येई. शेवटी २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये करार होऊन धान्याची जहाजे सुटली. आणि गाझाच्या किनाऱ्यावर इस्रायलने जानेवारी २००९ मध्ये जाहीर केलेली सागरी नाकेबंदी. तिला आव्हान द्यायला निघालेल्या जहाजांवर ३१ मे २०१० ला कारवाई झाली, माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्याच एका चौकशीने ती नाकेबंदी बेकायदा म्हटली, दुसरीने कायदेशीर. दोन्हीकडच्या कायदेपंडितांपुढे प्रश्न होते ते असे: जाहीर केली होती का, परिणामकारक होती का, सामान्य माणसांना उपाशी मारण्याचा हेतू होता का, नुकसान प्रमाणाबाहेर होते का. १९९४ च्या सान रेमो नियमावलीत हेच प्रश्न मांडले आहेत. तुमच्या बातमीत यांतला एक तरी प्रश्न यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तेव्हा मागणे थोडे आहे. पोलिसांच्या तपासणीला 'नाकाबंदी' म्हणत राहा. तो शब्द आता रुळला, त्याला हात लावू नका. पण समुद्रावरच्या युद्धकृत्याला 'सागरी नाकेबंदी' म्हणा, एकार देऊन आणि 'सागरी' हे विशेषण न गाळता. माझ्या कानाला नाकाबंदी म्हणजे एक नाका, नाकेबंदी म्हणजे सगळे नाके. एका मात्रेचा फरक, पण वाचक तेवढ्याने थबकतो. आणि पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी द्या: कोणी पुकारली, कोणत्या किनाऱ्याची, आणि तिथे जहाजे खरोखर उभी आहेत की नुसता कागद आहे. या तिन्हींपैकी काही नसेल तर नाकेबंदी लिहू नका, निर्बंध लिहा, झडती लिहा, हल्ला लिहा. मथळ्यात जागा कमी असते हे मला कळते. 'झडती' हा शब्द 'नाकाबंदी'पेक्षा लहान आहे.

हे आग्रहाने लिहिण्याचे आणखी एक कारण या गावातच आहे. पुलगावला देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, स्फोट झाले, लोक रात्रीच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले, आणि आग विझवायला आत गेलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी परत आले नाहीत. त्या रात्रीनंतर इथल्या माणसाला युद्धाचे सामान म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. समुद्र त्याने पाहिलेला नसेल, पण कोठारातला गोळा कोणाच्या तरी तोफेसाठीच असतो हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याला नाव खरे सांगा.

शेजाऱ्यांना अजून एक शब्द सांगायचा राहिला होता. परवा त्यांनी विचारले की खांदेरीला रात्री तांदूळ नेणाऱ्या त्या होड्यांना काय म्हणत. गलबत म्हणालो, पण लहान होडीलाही आपल्या कोकणात मचवा, पगार अशी नावे आहेत. त्यांनी मचवा हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. कापूस वेचणीला आला आहे, आता चार-आठ दिवस ते सकाळी येणार नाहीत. पेपर मी त्यांच्यासाठी जपून ठेवतो.



आपला,
पुलगावचा एक वाचक